गाळाचा अभ्यास करायचाय? मग आधी सातपुड्याच्या पायथ्याशी जा

भाऊ, एकदम तापीच्या पात्रात उतरू नकोस. यावल-रावेरकडून डोंगराच्या पायथ्याला जा. डोंगर सोडताच ओढ्यांचा उतार मोडतो, पाण्याचा जोर ओसरतो आणि गोटे, भरड वाळू तिथंच पंख्यासारखी पसरतात. पावसाचं पाणी त्यात भराभर मुरतं, केळीवाल्यांच्या विहिरींना त्याचाच आधार. बारीक माती पुढं तापीत जाते.

नवख्यांच्या नजरेतून सुटतात ते वाटेतले मुक्काम. डोंगरातून निघालेला प्रत्येक कण एका पुरात समुद्र गाठत नाही. काठावर थांबतो, हजारो वर्षंही पडून राहतो, मग नदीकाठच्या घळी त्याला पुन्हा उकरतात. खानदेशात हा साठा मोठा, कारण तापीचं खोरं भ्रंशांमुळे, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या मोठ्या भेगांमुळे, खचलेलं आहे. काही ठिकाणी गाळ शंभर मीटरहून जाड. म्हणून पुराच्या गढूळ पाण्यावरून डोंगर किती झिजतोय याचा हिशेब मांडू नकोस, त्यात जुनीच माती पुन्हा निघालेली असते. धरणंही हिशेबात धर: हतनूर आणि गुजरातेतलं उकाई बराच गाळ अडवतात, खंभातच्या आखाताला उरलंसुरलं.

आणि हो, थर बघताना उभ्या दरडीखाली थांबू नकोस. पावसाळ्यात तर मुळीच नको.