डिस्नीलँड थांबेल, आधी पॉलिसीचं पहिलं पान उघडा

खारघरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३७, ऐरोलीत आयटीमध्ये नोकरी, हातात महिना १ लाख ३५ हजार. धाकटीच्या जन्मानंतर पत्नीने नोकरी सोडली. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी वीस महिन्यांची, आई सोबत राहतात. गृहकर्ज अजून ५८ लाख, हप्ता ५२ हजार. मे महिन्यात सगळ्यांनी हाँगकाँग डिस्नीलँडला जायचं घाटतंय आणि टूरवाल्याने ३ लाख ६० हजार सांगितले आहेत. ते विचारतात: 'पैसे मुलाच्या चाइल्ड प्लॅनवर कर्ज काढून उभे करू, की क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआय घेऊ? मुलगी दोन वर्षांची व्हायच्या आत गेलो तर तिच्या विमानाच्या तिकिटाचे पैसे वाचतात, म्हणून घाई आहे. पुढच्या वर्षी पगार वीस टक्के वाढेल असं धरलंय. घर घेताना बँकेतल्या बाईंनी कर्जासोबत हा चाइल्ड प्लॅन घ्यावाच लागेल म्हणून सांगितलं होतं. त्यात वर्षाला १ लाख २० हजार भरतोच, त्यामुळे विम्याची बाजू भक्कम आहे. टॅक्सही वाचतो.'

दोन्ही वाटांना माझं उत्तर 'नको' असंच आहे, कारणं पुढे येतील. पण पत्र वाचताना मी थांबले ती शेवटच्या दोन वाक्यांपाशी. तुम्ही सोबत पॉलिसीच्या कागदांचे फोटो पाठवलेत, हे फार बरं केलंत. त्यातलं पहिलं पान पुन्हा उघडा. 'विमाधारक' या रकान्यापुढे तुमच्या मुलाचं नाव आहे. तुमचं नाव आहे ते 'प्रस्तावक' म्हणून, म्हणजे पैसे भरणारा. विमा १२ लाखांचा आहे आणि तो त्या लेकराच्या आयुष्यावर आहे. तुमच्या आयुष्यावर नाही.

उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरात एक रुपया येणार नाही. उलट उरलेले सहा हप्ते, ७ लाख २० हजार, तुमच्या पत्नीने भरायचे. कारण पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारा रायडर, म्हणजे जोडकलम, त्यात घेतलेला नाही, तो रकाना कोरा आहे. मग विम्याची रक्कम मिळणार कधी? मुलाला काही झालं तर. हे लिहितानाही माझा हात थांबतो. पाच वर्षांच्या मुलाच्या पगारावर कुणाचं घर चालत नाही. विमा कमावत्या माणसाचा काढायचा असतो आणि तुमच्या घरात पाच जणांमागे कमावता माणूस आज एकच आहे.

आता त्या एका माणसाच्या मागे किती पैसे लागतील ते बघू. बँकेचे ५८ लाख. हप्ता सोडून घरखर्च आणि शाळा धरून तुम्ही ५० हजार लिहिलेत, म्हणजे वर्षाला ६ लाख. धाकटी मार्गी लागेपर्यंत वीस वर्षं धरा, झाले १ कोटी २० लाख. महागाई वाढेल तसं गुंतवलेल्या पैशावर व्याजही मिळेल, म्हणून ती दोन्ही एकमेकांत वळती केली. दोघांच्या उच्च शिक्षणाला तीसेक लाख. बेरीज २ कोटी ८ लाख, त्यातून तुमचा ९ लाखांचा पीएफ वजा करा. दोन कोटी. तुमच्याकडे आज यातलं काय आहे? कंपनीचा ग्रुप विमा, जो नोकरी सुटली त्या दिवशी सुटतो, आणि दीड लाखाची एफडी.

मी हे इतकं लावून धरतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी ठाण्यात माझ्याकडे एक ताई आल्या होत्या. यजमान अचानक गेले होते. त्यांनी जाडजूड फाइल टेबलावर ठेवली, आत चार पॉलिसी, सगळे हप्ते वेळच्या वेळी भरलेले. दोन मुलांच्या नावावर, एक बायकोच्या, एक यजमानांच्या. यजमानांचीच तेवढी कामाची होती आणि ती होती ४ लाखांची. कर्ज ३५ लाखांवर. 'इतकी वर्षं इतके पैसे भरले, मग हे कशाचे भरले?' असं त्यांनी विचारलं. मला काही बोलता आलं नाही. त्या घरात पैशाची उधळपट्टी झाली नव्हती, शिस्त होती, बचत होती. चुकीचा कागद कुणीतरी विकला होता, एवढंच.

तुम्हालाही तो विकलाच गेला आहे. गृहकर्जासाठी अमुक पॉलिसी घेणं कुठल्याही नियमाने सक्तीचं नाही. बँकेत समोर बसलेल्या माणसाला महिन्याचं टार्गेट असतं आणि कर्ज मंजूर होण्याची वाट बघणारा ग्राहक त्या दिवशी कशावरही सही करतो. जी गोष्ट खरोखर विकायला हवी होती, म्हणजे ५८ लाखांच्या कर्जापुरता तरी तुमचा साधा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा), ती विकलीच नाही, कारण तिचा हप्ता थोडा आणि कमिशनही थोडं. हे वर्षानुवर्षं पाहतेय आणि दर वेळी तितकाच संताप येतो.

टॅक्सचं एका वाक्यात सांगते: तुमच्या पगाराच्या स्लिपवर नवी करप्रणाली दिसते आणि तिच्यात विम्याच्या हप्त्यावर मिळणारी ८०सीची वजावट नाही. म्हणजे या हप्त्यावर तुमचा एक रुपयाही कर वाचत नाहीये.

आता परतावा. दहा वर्षं १ लाख २० हजार भरायचे आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी २८ लाख. भरले १२, मिळाले २८, ऐकायला छान वाटतं. हिशोब केला तर हे वर्षाला साडेपाच टक्के होतात. आणि तेही पॉलिसीच्या कागदांतल्या तक्त्यात, कंपनीची गुंतवणूक ८ टक्क्यांनी वाढेल असं धरलेल्या रकान्यातले. शेजारी ४ टक्क्यांचा रकाना आहे, त्यात १९ लाख लिहिलेत. ते धरले तर तीन टक्के. दोन्ही रकाने छापावेच लागतात, पण बोट एकाच रकान्यावर ठेवून दाखवतात. कंपनी पॉलिसीत जोडते त्या बोनसची हमी नसते.

मग पॉलिसी लगेच बंद करायची का? इथे घाई नको. तुमचे चार हप्ते, म्हणजे ४ लाख ८० हजार भरून झालेत. आज सोडली तर साधारण निम्मे, अडीच लाखांच्या आसपास हातात येतील. म्हणजे नुकसान होऊन गेलंय. ते बाजूला ठेवून फक्त इथून पुढचं गणित मांडलं, तर हे अडीच लाख आणि राहिलेले सहा हप्ते मिळून २८ लाख होणं म्हणजे साडेसात टक्क्यांच्या वर, आणि १९ लाख होणं म्हणजे पाच टक्के. चांगल्या रकान्यातलं मिळालं तर पुढचा प्रवास तितका वाईट नाही, हे मला मान्य आहे. घरात टर्म विमा असता आणि बाजूला सहा महिन्यांचा खर्च असता, तर मी कदाचित 'चालू ठेवा' म्हणाले असते. पण तुमच्याकडे दोन्ही नाही आणि महिन्याचे हे दहा हजार तुम्हाला दुसरीकडे जास्त गरजेचे आहेत. विमा कंपनीकडून सरेंडरची आणि पेड-अपची, दोन्ही रक्कम लेखी मागा. सरेंडर म्हणजे पॉलिसी आजच मोडून मिळेल ते घेणं. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेची होऊन मुदतीपर्यंत पडून राहणार. अडीच लाखांच्या जवळपास आकडा आला तर माझं मत सरेंडरकडे. ते पैसे एफडीत, आधीच्या दीड लाखांच्या शेजारी. डिस्नीलँडला त्यातला एकही रुपया जायचा नाही.

मात्र त्याआधी टर्म विमा. दोन कोटी, वयाच्या साठीपर्यंत, कुठलीही 'पैसे परत' योजना न जोडता. तुमच्या वयाच्या, तंबाखू-सिगारेट न घेणाऱ्या माणसाला वर्षाला पंचवीस ते तीस हजारांत मिळायला हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. म्हणजे मुलाच्या १२ लाखांसाठी तुम्ही जे भरता त्याच्या पाव पटीत तुमचे दोन कोटी. अर्जात बीपी, साखर, जुनी शस्त्रक्रिया, अधूनमधूनची सिगारेट, सगळं खरं लिहा. मेडिकल घरी न करता लॅबमध्ये जाऊन करा. तीन वर्षं झाल्यावर कंपनीला कुठल्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही, पण त्याआधी लपवलेली गोष्ट बायको-मुलांना महागात पडते. आणि अर्ज भरतानाच १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्यायचा पर्याय निवडा, लाभार्थी म्हणून पत्नी आणि दोन्ही मुलं लिहा. मग त्या पैशावर बँकेला किंवा इतर देणेकऱ्याला हात घालता येत नाही. ही खूण नंतर करता येत नाही, अर्जाच्या वेळीच करावी लागते. टर्मची पॉलिसी हातात पडली, वाचली, की मगच चाइल्ड प्लॅनला हात लावा.

आरोग्य विमाही कंपनीचाच दिसतो. चौघांसाठी स्वतःचा फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच विमा, घ्या, आईंसाठी वेगळा विचारून बघा. त्यावरही आता जीएसटी नाही. इतकंच.

आता तुमची सहल. धाकटी दोन वर्षांची व्हायच्या आत गेलात तर तिला मांडीवर बसवून नेता येतं आणि भाड्याचा अगदी थोडा भाग पडतो, हे खरं आहे. त्यात वाचतील वीस-पंचवीस हजार. पंचवीस हजार वाचवण्यासाठी ३ लाख ६० हजार उसने काढायचे? पॉलिसीवर कर्ज मिळेल ते सरेंडर किमतीच्या ऐंशी-नव्वद टक्के, म्हणजे दोन लाखांच्या आसपास, नऊ-दहा टक्के व्याजाने. बाकीचे परत कार्डावरच. नो कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी असतो आणि रोख देणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. वीस टक्के पगारवाढीवर तर काहीच ठरवू नका. आयटीतली हवा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वाढ खात्यात जमा झाली की ती पगार, तोवर नाही.

आणि खरंच, मे महिना? हाँगकाँगला तेव्हा पावसाला सुरुवात झालेली असते, उकाडा घामट. वीस महिन्यांचं मूल कडेवर, आईंचे गुडघे, आणि मुलाची उंची तुम्ही लिहिलीत ती १०४ सेंटिमीटर. बिग ग्रिझली माउंटनच्या गाडीला ११२ लागतात, आरसी रेसरला १२०. ज्या राइडचे व्हिडिओ बघून तो नाचतोय म्हणता, तिच्या दारातल्या पट्टीपाशी त्याला परत फिरवावं लागेल. तो हिरमोड तुम्ही व्याजाने विकत घेताय.

या मे महिन्यात खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जा. खारघरहून तासा-सव्वा तासाचा रस्ता. शनिवार-रविवार टाळून एक दिवस सुट्टी टाका, सकाळी गेट उघडताना पोचा, दुपारचं ऊन आतल्या बंदिस्त शोमध्ये घालवा. सगळे मिळून, जेवणखाण धरून, दहा-पंधरा हजारांत होईल. मुलगी दुपारी झोपेल, आई तिच्यापाशी सावलीत बसतील, तुम्ही दोघं मुलासोबत फिरा. तिला राइड लागत नाहीत, तिला पाणी आणि फुगा पुरतो. तिच्यासाठी एखाद्या रविवारी नेरूळचं वंडर्स पार्क आहे, तिथली छोटी आगगाडी तिला डिस्नीलँडइतकीच मोठी वाटेल.

हाँगकाँग रद्द करायला मी सांगत नाही. हप्ता ५२, घर ५०, एसआयपी ८, असे १ लाख १० हजार जातात. चाइल्ड प्लॅन थांबला की महिना २५ हजार उरतील. त्यातले पाच नव्या दोन्ही विम्यांना. राहिले वीस. सहा महिन्यांचा खर्च म्हणजे साधारण सहा लाख बाजूला हवेत, दीड आहेत, सरेंडरचे अडीच धरून चार. उरलेले दोन लाख दहा महिन्यांत होतील. त्यानंतर तेच वीस हजार दरमहा एका वेगळ्या आरडीत टाकले तर अठरा महिन्यांत ३ लाख ६० हजार. भाडी वाढतील, एखादा बोनस त्याला पुरेल. म्हणजे आतापासून तिसरी दिवाळी. तेव्हा तिथली हवा कोरडी आणि सुखाची असते. फक्त ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, चीनमधल्या सुट्ट्यांची गर्दी असते. पाच वर्षांचं मूल वर्षाला सहा सेंटिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणजे तोवर मुलगा १२० च्या घरात आलेला असेल आणि धाकटी साडेचार वर्षांची. तीन वर्षांखालच्यांना तिथे तिकीट नाही, तिला तेव्हा लागेल, तेवढं बजेटमध्ये धरा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करायची असते, ती मोफत आहे, एजंटला त्याचे पैसे देऊ नका. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतील, तो रिटर्न भरताना वळता होतो. तिथे कार्ड स्वाइप करताना मशीनवर रुपये की हाँगकाँग डॉलर असं विचारलं तर डॉलरच निवडा.

टूरवाल्याला अजून आगाऊ रक्कम दिली नसेल तर आज देऊ नका. दिली असेल तर किती दिली आणि रद्द केल्यास किती कापणार हे मला उलट टपाली कळवा. टर्मचा अर्ज मात्र त्याची वाट न बघता याच आठवड्यात भरा.