पंधरा मेसेज

प्रश्न : माझी धाकटी बहीण २९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ‘बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार’ असं निदान केलं. मी फोन उचलला नाही की ‘तुला मी नकोच आहे’ असे पंधरा मेसेज येतात आणि रात्री दोनला रडत माफी. हातावर ब्लेडचे वण आहेत. थेरपी चालू आहे. घरचे म्हणतात, स्वभावाला औषध नाही. ती खरंच बदलेल का?
– तिची मोठी बहीण

उत्तर : ‘स्वभावाला औषध नाही’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. त्यातलं औषधाचं खरं आहे. या विकारावरची म्हणून खास गोळी नाही. आम्ही देतो त्या सोबतच्या नैराश्यासाठी वगैरे. बदलाबाबत मात्र घरचे चुकताहेत.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेरी झानारिनी यांनी १९९२ पासून मॅक्लीन या मनोरुग्णालयातल्या अशा २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं निदानाच्या रेषेखाली आली आणि किमान दोन वर्षं तिथेच राहिली. (मी शिकत असताना ‘या पेशंटच्या वाटेला जाऊ नकोस’ म्हणणारे वरिष्ठ होते. असो.) पण त्याच दहा वर्षांत लक्षणंही कमी आणि काम, नातीही रुळावर, असे निम्मेच. स्वतःला इजा करणं साधारण आधी सुटतं. आतलं रितेपण आणि ‘मला सोडून जातील’ ही भीती चिवट असते. बाकीच्या व्यक्तिमत्त्व विकारांबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही.

म्हणजे तुम्ही फोन उचलला नाहीत तर तिला लागणारच. बदल होतो तो त्यापुढे. माझ्या एका पेशंटने मोबाइलमध्ये न पाठवलेले मेसेज साठवले होते. शिव्या, धमक्या, सगळं पूर्वीचंच. एकाखाली लिहिलं होतं : ‘११.४०. गार पाण्यात तोंड बुडवलं. १२.०५. अजून राग आहे.’ त्या पंचवीस मिनिटांसाठी आम्ही दोघी आठ महिने खपलो होतो. गार पाण्याची युक्ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या ‘डीबीटी’ (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या, मुळात अशाच रुग्णांसाठीच्या उपचारातली. सतराव्या वर्षी आपणही स्वतःला इजा करत होतो, मनोरुग्णालयात होतो, हे या बाईंनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

तुम्ही पंधरा मेसेजना पंधरा उत्तरं देऊ नका. ‘मीटिंगमध्ये आहे, नऊला फोन करते’ एवढं कळवा आणि नऊला कराच. सव्वानऊ तिच्यासाठी फार उशीर असतो. मरणाची भाषा आली किंवा पुन्हा ब्लेड हातात घेतलं, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

आणि मेसेज मोजत जा. पंधराचे अकरा झाले तर तिला लगेच दाखवायला जाऊ नका, चिडेल. सध्या तुमच्यापुरतं लिहून ठेवा.