खोक्यातलं पितळी चाक

प्रिय सई,

तुझ्या हॉस्टेलसाठी भरलेल्या खोक्यात ते कसं आलं कोण जाणे! फोटो बघून मीच चमकलो. पितळेची वीतभर दांडी, एका टोकाला फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला चिमुकला चमचा. 'बाबा, हे काय आहे?' म्हणालीस. घोड्याला टाच मारताना बुटाला लावतात ते काटेरी चाक असावं, हा तुझ्या मैत्रिणीचा अंदाज काही वाईट नाही. मी असतो तर आधी शिंप्याचं खुणा करायचं चाक म्हटलं असतं. पण त्याचे दात टोकदार असतात, कापडावर ठिपके उमटवायला. याची कड नागमोडी आहे, बोटाला टोचत नाही. आणि शिंप्याला चमचा कशाला हवा?

ते कातणं आहे, करंजीचं. पारी लाटायची, चमच्याने सारण भरायचं, दुमडून कड दाबायची आणि तिच्यावरून कातणं फिरवायचं. जादा पीठ सुटून येतं, कडेला नक्षी उमटते. कड नीट चिकटली नाही तर करंजी तेलात फुटते, सारण जळतं आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके. सारण कमी पडलं तर करंजी खुळखुळते. आमचे एक काका प्रत्येक करंजी कानाशी हलवून बघायचे. आजी त्यांना मुद्दाम शेवटी वाढायची.

गंमत म्हणजे आजी स्वतः कातण्याला हात लावत नसे. ती कडेला हाताने मुरड घालायची, वेणीसारखी. मुरडणं म्हणजे मागे वळणंही, म्हणून गौरी निघताना मुरडीचे कानवले करतात, तिने पुन्हा यावं म्हणून. ती कला ज्यांना जमत नसे त्यांच्या हाती कातणं, म्हणजे माझ्या. देश सोडताना ते मी मागून घेतलं.

दांडीवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसतील. ते आजीचं नाव. दिवाळीत अशा वस्तू शेजारी फिरायच्या, परत आपलीच यावी म्हणून नाव घालून घ्यायचे.

डिशवॉशरमध्ये टाकू नकोस, पितळ काळवंडेल. चिंचेच्या कोळाने घास आणि लगेच पुसून ठेव. चाक अडकत असेल तर खिळ्यापाशी कुठल्यातरी जुन्या दिवाळीचं पीठ असेल, टाचणीने काढ.

तुझा,
बाबा