ॲपल क्रंबलचा वरचा थर गिच्च होतो आणि तळाशी पाणी साठतं, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की ॲपल क्रंबलची, म्हणजे सफरचंदाच्या फोडींवर मैदा-बटर-साखरेचा चुरा घालून भाजायच्या गोड पदार्थाची, इंग्लंडमधली एक पाककृती वजनकाट्यावर मोजून तंतोतंत केली, रॉयल जातीची सहा सफरचंदं घेतली, ओटीजीत (घरगुती विजेच्या भट्टीत) १८० अंशांवर ३० मिनिटं भाजलं. तरीही वर खुसखुशीत चुऱ्याऐवजी पिठाची ओली पोळी झाली, खाली गोडमिट्ट पाणी, आणि चव अगदी सपक.

तुमचं माप चुकलेलं नाही. ती पाककृती ज्या सफरचंदासाठी लिहिली आहे ते सफरचंदच तुमच्याकडे नाही. इंग्लंडमध्ये क्रंबलसाठी बहुतेक वेळा ब्रॅम्ली नावाचं स्वयंपाकाचं सफरचंद घेतात. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावात १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने लावलेल्या बियांतून ते झाड आलं. नाव मात्र पुढे ते घर विकत घेणाऱ्या मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाचं लागलं. हे फळ कच्चं खाल्लं तर दात आंबतात. भट्टीत गेलं की त्याचा मऊ, फुललेला लगदा होतो आणि सुटलेला रस त्या लगद्यातच राहतो. म्हणून त्या पाककृतीत फोडी कच्च्याच घालतात, साखर भरपूर असते आणि लिंबाचं नाव नसतं. आपलं रॉयल किंवा डेलिशस म्हणजे हातात घेऊन खायचं फळ. गोड आहे, पण आंबटपणा नावापुरता. शिजल्यावर फोडी मऊ पडतात, रस मात्र तळाशी पातळच राहतो. वरून ब्रॅम्लीच्या हिशोबाची साखर पडली की ती आणखी पाणी ओढून काढते.

म्हणजे आधी फळाचं बघू. सप्टेंबर-ऑक्टोबरात काश्मीर-हिमाचलचा ताजा माल येतो तोच क्रंबलचा काळ. मार्च-एप्रिलमध्ये शीतगृहातून निघालेलं फळ बाहेरून तुकतुकीत दिसतं, पण आत बऱ्याचदा रवाळ झालेलं असतं. चावताना कर्रकन आवाज यायला हवा. पिठूळ लागलं तर ते कोशिंबिरीतही नको आणि इथेही नको. गोल्डन डेलिशस मिळालं तर उत्तम, त्याच्या फोडी आकार धरतात. माझी पसंती दोन भाग रॉयल किंवा गोल्डन आणि एक भाग हिरवं ग्रॅनी स्मिथ. ते आयात केलेलं आणि महाग असतं, पण आंबटपणा खरा देतं. सगळीच ग्रॅनी स्मिथ घेतलीत तर साखर दोन चमचे वाढवा. आणि नुसती रॉयलच असतील तर एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायलाच हवा. तुम्हाला जाणवलेला सपकपणा दालचिनी वाढवून जात नाही, तो आंबटानेच जातो.

सहा-आठ जणांसाठी एक किलो सफरचंद घ्या. सालं आणि मधला भाग काढल्यावर साधारण ७५० ते ८०० ग्रॅम उरतं. साल काढाच. ती शिजून मऊ होत नाही, गुंडाळी होऊन दाताखाली येते. फोडी दोन सेंटिमीटरच्या, जवळजवळ सारख्या. पातळ चकत्या केल्या तर गळून जातात, मोठे तुकडे ठेवले तर वरचं पीठ करपायला आलं तरी मधे कच्चे राहतात.

आता तुमचं पाणी. फोडी भांड्यात घालण्याआधी पसरट कढईत एक चमचा बटरवर मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं परतून घ्या, झाकण न ठेवता. सुरुवातीला तळाशी रस सुटेल, मग तो आटत जाऊन फोडींना चकाकी येईल. टोचून बघा, सुरी बाहेरून सहज जावी आणि मधे थोडी अडावी. इथेच गॅस बंद. मग ५० ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, अर्धा छोटा चमचा दालचिनीची पूड, किसलेलं जायफळ दोन चिमट्या आणि लिंबाचा रस. कॉर्नफ्लोअर आधी साखरेत कोरडंच मिसळून घ्या, नाहीतर ओल्या फोडींवर त्याच्या गाठी होतात. आपल्याकडे मिळणारी जाड सालीची दालचिनी फार तिखट असते, अर्ध्या चमच्याच्या वर गेलात तर गरम मसाल्याचा वास यायला लागतो. हे मिश्रण पूर्ण गार होऊ द्या. गरम फोडींवर चुरा घातला तर बटर भट्टीत जाण्याआधीच वितळतं, आणि वरची पोळी होण्याचं निम्मं कारण तेच असतं.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे आपली सवय. शंकरपाळी-करंजीच्या पिठाला आपण कडकडीत मोहन घालतो आणि हात आपोआप तिकडेच वळतो. इथे अगदी उलट करायचं. बटर फ्रीजमधून काढलेलं, दगडासारखं. तिकडच्या शरद ऋतूत स्वयंपाकघरात गारवा असतो, आपल्याकडे त्याच महिन्यात ऑक्टोबर हीट. पुण्यात किंवा नागपुरात ओट्यावर ठेवलेलं बटर दहा मिनिटांत लोळायला लागतं. ते पिठाला लागून लेप बसला की भट्टीत तो सगळा थर एकसंध पसरतो आणि खालून येणाऱ्या वाफेला वाटच राहत नाही. ती वाफ पिठातच जिरते. बटर थंड आणि कणाकणाने असेल तर ढेकळं वेगवेगळी राहतात, फटींतून वाफ निघून जाते आणि वरचं पीठ कोरडं होऊन भाजतं.

चुऱ्याचं प्रमाण असं: मैदा १८० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, जाड रवा दोन मोठे चमचे. रवा मूळ पाककृतीत नसतो, पण त्याने चुऱ्याला करकरीतपणा येतो आणि आपल्या दमट हवेत तो टिकतो. ओट्स आवडत असतील तर ५० ग्रॅम मैद्याच्या जागी तेवढेच जाड ओट्स घ्या. झटपट शिजणारे बारीक ओट्स लापशी होतात. बटर खारवलेलं असेल तर वेगळं मीठ नको, बिनमिठाचं असेल तर पाव छोटा चमचा. साखर नेहमीची दाणेदारच. नानकटाईच्या सवयीने पिठीसाखर घातली तर चुरा मऊ पडतो, दाणा भाजूनच कुरकुर देतो. गूळ घालायचा असेल तर फोडींत घाला. चुऱ्यात तो ओल धरतो आणि गठ्ठे करतो. बेकिंग पावडर लागत नाही.

बटर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून जाड किसणीने थेट मैद्यात किसा आणि बोटांच्या टोकांनी हलकेच चोळा. तळव्याला उष्णता जास्त असते, तळवा लावू नका. मोहनाची परीक्षा तुम्हाला येतेच, तीच इथे वापरा. मूठ दाबली की मुटका वळला पाहिजे, आणि बोटाने ढकलला की चार-पाच ढेकळांत फुटला पाहिजे. भुरभुर गळत असेल तर आणखी चोळा. पुरणासारखा गोळा व्हायला लागला तर हात उचला आणि भांडं तसंच फ्रीझरमध्ये ठेवा. मग साखर-रवा मिसळून, काही वाटाण्याएवढी, काही बोराएवढी ढेकळं राहतील असं बघून चुरा २० मिनिटं फ्रीझरमध्येच गार करा. तुपात करायचं असेल तर ८० ग्रॅम थिजलेलं तूप पुरे, कारण बटरमध्ये पाणीही असतं. चव छान लागते, पण पोत नानकटाईच्या वळणावर जातो.

भांडं पसरट घ्या, २० सेंटिमीटर चौरस आणि पाच सेंटिमीटर खोल. तुम्ही केकचा उंच डबा वापरला असेल तर फोडींचा थर फार जाड होऊन वाफ कोंडते. शिवाय ॲल्युमिनियमच्या उघड्या डब्यात आंबट फळ शिजवलं की धातूची चव उतरते. काच किंवा चिनी मातीचं भांडं बरं, फक्त फ्रीजमधलं गार भांडं थेट तापलेल्या भट्टीत सारू नका, तडकेल. फोडी पसरा, वर चुरा सैल हाताने भुरभुरवा, दीड सेंटिमीटरचा थर. चमच्याने दाबून सारखा करायचा मोह होतो. तो आवरा.

ओटीजी १८० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा, दोन्ही कांड्या चालू, जाळी मधल्या खाचेच्या एक खाली. लहान ओटीजीत वरची कांडी अगदी डोक्यावर असते, म्हणून २० मिनिटांतच वरून रंग येतो आणि झालं असं वाटतं. तुमची ३० मिनिटं कदाचित म्हणूनच फसली. रंग लवकर आला तर वर फॉइल सैलसर ठेवा, कडा बंद करू नका, आणि ४० ते ४५ मिनिटं होऊ द्या. ओटीजीत गरम हवा फिरवणारा पंखा असेल तर १७० अंश. झालं की नाही ते रंगावरून ठरवू नका, कडेला बघा. भांड्याच्या कडेने चुऱ्यातून रस वर येऊन जाड, संथ बुडबुडे फुटताना दिसले पाहिजेत. पाण्यासारखे भराभर फुटत असतील तर आणखी पाच-सात मिनिटं. रस नीट उकळला नाही तर कॉर्नफ्लोअर आळत नाही, उलट कच्च्या पिठाची चव देतं. मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजायच्या सोयीवर. साध्या मायक्रोवेव्हवर हे होत नाही, फोडी शिजतात पण चुरा वाफवला जातो.

बाहेर काढल्यावर २० मिनिटं थांबा, रस निवतानाच दाटतो. माशी बसेल म्हणून ताट झाकू नका. निघणारी वाफ ताटाला लागून परत चुऱ्यावरच ठिबकते. जाळीचं झाकण चालेल.

सोबत कस्टर्ड. आपल्याकडे ते गार करून त्यात फळं घालायची पद्धत आहे, क्रंबलवर मात्र गरम आणि पातळ ओततात. अर्धा लिटर दुधाला दीड मोठा चमचा कस्टर्ड पावडर, दोन मोठे चमचे साखर, बस. डब्यावरच्या मापाने केलंत तर ओतण्याऐवजी वाढावं लागेल. ही पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने काढली, बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून. त्यामुळे घरात अंडं चालत नसेल तरी अडचण नाही.

तुम्ही इंग्लंडमध्येच राहत असाल आणि ब्रॅम्ली हाताशी असतील तर मात्र परतणं, लिंबू आणि कॉर्नफ्लोअर सगळं वगळा, फोडी जरा मोठ्या ठेवा आणि फोडींची साखर १०० ग्रॅम करा.

उरलेलं फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं, पण चुरा मऊ पडतोच. गरम करताना मायक्रोवेव्ह नको. उष्णता सोसणाऱ्या छोट्या वाटीत काढून, वाटीचा गारठा गेल्यावर ओटीजीत १६० अंशांवर १२ मिनिटं, उघडंच. कच्चा चुरा मात्र हवाबंद डब्यात महिनाभर फ्रीझरमध्ये राहतो. दुप्पट करून ठेवला तर पुढच्या वेळी फक्त फोडी परतायच्या आणि चुरा गोठलेलाच वर टाकायचा.