पेट स्कॅनला जाण्याआधी

प्रश्न : वडिलांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आहे, मधुमेहही. नेहमीच्या पेट स्कॅनला गेलो तर साखर जास्त म्हणून परत पाठवलं. पुढच्या वेळी काय करावं?

उत्तर : टोचतात ते किरणोत्सर्गी ग्लुकोज. रक्तात आधीच साखर भरपूर असली की गाठी ते कमी ओढतात, चित्र फिकं येतं. बहुतेक ठिकाणी साखर २०० च्या आत लागते. सहा तास उपाशी. साधं पाणी चालतं, चहा नाही. ऐनवेळी मनाने इन्सुलिन घेऊ नये, त्याने ग्लुकोज गाठींऐवजी स्नायूंतच जातं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने चित्रात आतडी उजळतात. थांबवायचं का, डॉक्टरांना आधी विचारा. आदल्या दिवशी व्यायाम बंद. स्वेटर मात्र हवाच : थंडीने मानेजवळची तपकिरी चरबी चमकते, गाठींचा भास होतो. जुन्या स्कॅनची सीडी न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.