‘तो विश्लेषण काय करणार?’ : एका आईची शंका

बौद्धिक दिव्यांग मुलांचे पालक माझ्याकडे येतात ते बहुधा शाळा, काम किंवा ‘आमच्यामागे याचे कसे होणार’ या काळजीने. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे: संशोधक मंडळी मुलाला अभ्यासगटात बोलावत आहेत, पाठवावे का? वडोदऱ्यातील एका मराठी कुटुंबाचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मुलगा पंचविशीतला, घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलणारा, एका कार्यशाळेत कागदी पिशव्या करणारा. त्याच्यासारखे तरुण शहरात एकट्याने ये-जा कशी करतात, या विषयावर घेतलेल्या मुलाखतींचा अर्थ लावण्याच्या कामात त्याला सहभागी व्हायचे होते. आई म्हणाली, “ताई, त्याला दोन ओळी वाचायला किती वेळ लागतो, तुम्ही पाहिलंय. तो विश्लेषण काय करणार? फोटोपुरतं बसवतील आणि आम्ही समजू, मोठा मान मिळाला.”

या बोलण्यातली दुसरी भीती मला अधिक खरी वाटली, कारण नावापुरता सहभाग या क्षेत्रात पुष्कळ आढळतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ६ प्रमाणे अशा व्यक्तीवर संशोधन करायचे तर तिला समजेल अशा रीतीने घेतलेली तिची स्वतःची संमती लागते. विश्लेषणाला बसणाऱ्याच्या बाबतीत याहून कमी काळजी घेऊन चालणार नाही, असे माझे मत आहे. म्हणून मी आईला सुचवले की संशोधकांना एवढेच विचारा: त्याचे मत तुमच्या मताशी जुळले नाही, तर तुम्ही काय कराल?

उत्तर समाधानकारक मिळाले. मुलाखतींचे छोटे उतारे, नावे वगळून, एकेका कार्डावर चित्रासह घेतले जाणार होते. ते मोठ्याने वाचून दाखवायचे, कोणते कार्ड कोणाबरोबर ठेवायचे हे गटाने ठरवायचे आणि प्रत्येक ढिगाला नाव द्यायचे. शिकलेला संशोधक एकटा बसून हेच करतो. येथे ते टेबलावर, सर्वांना दिसेल असे मांडलेले असते. वाचनाचा वेग येथे आड येत नाही.

आड येते ती एक वेगळी सवय. कॅरल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले होते, की हो-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारल्यास अनेक बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचा कल ‘हो’ म्हणण्याकडे असतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मर्जीने वागावे लागलेल्या माणसाचे असे होणे मला स्वाभाविक वाटते. म्हणून “हे बरोबर आहे ना?” असे न विचारता “हे कुठे ठेवशील, आणि का?” असे विचारायला हवे. याच कारणाने, आईने शेजारी बसू नये, असाही आग्रह मी धरला. उत्तर देण्यापूर्वी तो तिच्या चेहऱ्याकडे पाहतो. सोबतीला कार्यशाळेतला त्याचा मित्र गेला.

एका कार्डावर वाक्य होते: ‘मला रिक्षानेच जायला आवडतं.’ संशोधकांनी ते ‘आवड’ या गटात टाकले होते. याने ते उचलून ‘भीती’च्या ढिगावर ठेवले आणि सांगितले, “बसमध्ये पोरं हसतात. मग आई विचारते, तर आपण सांगतो रिक्षा आवडते.” कोणी त्याचे म्हणणे लगेच अंतिम मानले नाही, आणि ते योग्यच झाले, कारण तो स्वतःचा अनुभव दुसऱ्याच्या वाक्यात वाचत असण्याची शक्यता होती. त्यांनी मूळ मुलाखत पुन्हा ऐकली. त्याच व्यक्तीने पुढे बसथांब्यावरच्या त्रासाचा उल्लेख केला होता. तो पहिल्या वाचनात सुटून गेला होता. ज्याने तसे उत्तर स्वतः दिलेले आहे त्यालाच ते दिसावे, यासाठीच तर अशा माणसांची गरज असते, आणि ही गोष्ट मी आता प्रत्येक पालकाला सांगते.

आईला मात्र त्या दिवशी वेगळेच कळले, की रिक्षाची ती आवड तिच्या घरातही होती. त्यावर आम्ही दोन बैठकी स्वतंत्रपणे बोललो.

कामाचा भारही पडला. कोंडून ठेवल्याच्या एका उताऱ्यानंतर तो घरी जेवला नाही. तेव्हापासून असे उतारे आधी सांगून, विचारूनच वाचले जातात, आणि उठून जाण्याची मुभा सर्वांना असते. दुसऱ्यांच्या गोष्टी घरी सांगायच्या नाहीत, हेही चित्रांच्या मदतीने पुन्हापुन्हा बोलले जाते. मोबदला म्हणून प्रथम भेटवस्तू ठरली होती. आईला ती पुरेशी वाटत होती, मला नाही. गटातल्या इतरांना तासांप्रमाणे पैसे मिळत असतील तर त्यालाही तसेच मिळावेत, असे मी लेखी कळवले, आणि ते मान्य झाले.

अहवाल अजून व्हायचा आहे. त्यात आपले नाव यावे असे त्याला वाटते. वडिलांना ते पसंत नाही. निर्णय त्याचाच राहील, मात्र नाव छापल्यावर ते कोण वाचू शकते हे त्याला उदाहरणांसह समजावून सांगून मगच, एवढे आम्ही चौघांनी मिळून ठरवले आहे.