बोटीचा जुना ट्रेलर बोलेरोमागे लावायचा आहे. वेल्डर म्हणतो रंग मारला की तयार. खरंच तयार का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुंबईकडून बोटीचा जुना ट्रेलर वरणगावात आणलाय, त्यावर 14 फुटी फायबरची बोट आणि मागे इंजिन. बोलेरोमागे जोडून एरवी हतनूरच्या पाण्यावर आणि मधूनमधून नवापूरकडे उकाईच्या बॅकवॉटरला न्यायचा. गावातला ट्रॉल्या बनवणारा म्हणतो, दोन-चार ठिकाणी वेल्डिंग मारतो, रंग देतो, घेऊन जा.

मीही सावद्याकडे ट्रॉल्यांचंच काम करतो, त्यामुळे तो असं का म्हणतो ते समजतं. त्याचा हात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलाय. केळीची ट्रॉली हळू चालते, हुकात पिन खडखडली तरी कोणी मागे वळून बघत नाही, आणि ती कधी पाण्यात उतरत नाही. तुमचा ट्रेलर महामार्गावर साठाने पळणार आणि दर खेपेला हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या बेरिंगच्या भागापर्यंत, पाण्यात जाणार. त्यात तो समुद्राकडून आलाय, म्हणजे खारं पाणी प्यायलेला. रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा.

सुरुवात हबपासून. चाक उचलून फिरवलं आणि आवाज आला नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. टोपी काढा, स्प्लिट पिन, नट, वॉशर काढून बाहेरचं बेरिंग हातात घ्या. ग्रीस दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. मग बेरिंगचा कप, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात ती बाहेरची रिंग, डिझेलने धुऊन उजेडात बघा. बऱ्याच दिवस उभ्या असलेल्या ट्रेलरच्या कपावर रोलरच्या अंतराअंतराने बारीक काळ्या रेघा उमटलेल्या असतात, त्यावरून नख फिरवलं की अडकतं. असं बेरिंग ग्रीस भरून परत बसवायचं नाही. निळसर डाग म्हणजे ते तापून गेलेलं, तेही बाद. बेरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच कप आणि कोन (आतली रोलरवाली रिंग) असा पूर्ण सेट घ्या आणि ऑइल सील नवंच टाका. जुनं सील ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

ग्रीस पाण्याला टिकणारं घ्या, आणि जुन्यावर नवं थापू नका; दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली की कधीकधी पातळ होऊन वाहतात. नट आवळताना चाक फिरवत आवळा म्हणजे बेरिंग जागेवर बसतं, मग नट सैल करून नुसत्या बोटांनी टेकवा आणि जवळच्या भोकात नवी पिन घाला. ट्रॉलीसारखा पान्याने कच्चून आवळला तर ते बेरिंग उन्हाळ्यातला महामार्ग सोसणार नाही.

दुसरं, पाण्यावर पोहोचलात की लगेच ट्रेलर उतरवू नका. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. हबवर हात ठेवता येईल इतका तो निवू द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा जरा जास्तच थांबा.

सांगाडा हातोडीने ठोकून बघा. बॉक्स पाइप आतून गंजतो, वरून धडधाकट दिसतो. ठण्ण वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. पातळ झालेल्या पत्र्यावर ठिगळ मारून उपयोग नाही. यू-बोल्टच्या खालची जागा आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधल्या फटी नक्की बघा. वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. तो चाकाकडे लावला तर करंट बेरिंगमधून जातो आणि कालच टाकलेल्या नव्या बेरिंगवर खड्डे पडतात. सांगाड्याला जस्ताचा मुलामा असेल तर आधी तो घासून काढा, त्याचा धूर छातीला वाईट.

जोडणीच्या बाबतीत ट्रॅक्टरचा हूक-पिन विसरा. गाडीला बॉल (लोखंडी गोळा) आणि ट्रेलरला त्यावर बसणारा कपलर हवा, दोन्ही एकाच मापाचे. कपलरवर माप कोरलेलं असतं: बहुतेक 50 मिमी, पण अमेरिकन माल असेल तर 47.6 किंवा 50.8 मिमीही निघतो. मोठ्या कपलरखाली छोटा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडतो. कुलूप लावून ट्रेलरचं तोंड जॅकने उचला. बोलेरोचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर जोडणी पक्की. बॉलचा ब्रॅकेट बंपरवर नको, चासीला बोल्टने घ्या. बोलेरोला वेगळी चासी आहे, हे तुमच्या पथ्यावर पडतं. सेफ्टी चेन दोन, ट्रेलरच्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून. कपलर सुटलाच तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो, डांबरात रुतत नाही.

आता वजन. ट्रॉलीत माल कसाही भरला तरी निभतं, इथे नाही. बोट, इंजिन, पेट्रोल सगळं ठेवून काट्यावर वजन करा. केळीच्या पट्ट्यात काटा शोधावा लागत नाही. एकूण 500 किलो भरलं तर त्यातले 35 ते 50 किलो ट्रेलरच्या तोंडावर यायला हवेत. ते मोजायला तोंडाखाली साधा वजनकाटा ठेवा, मात्र बॉलच्या उंचीवर. फायबरच्या हलक्या बोटीला मागे इंजिन लटकतं, म्हणून शेपूट जड होतं आणि ट्रेलर गाडीमागे डुलायला लागतो. विंचचा (बोट ओढून घ्यायच्या हाताच्या चरखीचा) खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्या, पेट्रोलची टाकी आणि बर्फाची पेटी पुढच्या अंगाला ठेवा. नवापूरच्या वाटेवर कोंडाईबारी घाटाच्या उतारावर डुलायला लागलाच तर ब्रेकवर उभे राहू नका, स्टिअरिंग झटकू नका. नुसता अॅक्सिलेटर सोडा, गाडी सरळ धरा. एकूण वजन 750 किलोच्या वर जात असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावून घ्या, युरोपात याच आकड्यापासून ते सक्तीचे आहेत.

टायरच्या कडेला चार आकडे असतात: 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, इतकं जुनं रबर बदला. दिव्यांना बॉलमधून अर्थिंग घेऊ नका, वेगळी वायर ओढा, आणि ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी दिव्यांचा प्लग काढा. विंचचा पट्टा बोट ओढायला असतो, बांधायला नाही. मागून दोन पट्टे आणि नाकाला एक साखळी वेगळी हवी.

कागदांचं आधी बघा, म्हणजे खर्च करण्याच्या आधी. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे मोटार वाहनच धरलंय, त्यामुळे त्याची वेगळी नोंदणी लागते. विकणाऱ्याकडून जुने कागद घ्या आणि जळगावच्या आरटीओत दाखवून विचारा.

पहिल्यांदा नवापूरला निघाल तेव्हा जळगाव ओलांडलं की थांबा, चाकांचे नट पुन्हा आवळा आणि दोन्ही हबना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला लागला तर पारोळा गाठायच्या नादी लागू नका, तिथेच चाक उतरवा.